हिच्यासाठी एकच चार्जर

३ फेब्रुवारी, सोमवार
हिची बदली झाली. बढतीवर. पाणी तपासणाऱ्या नव्या लॅबची प्रमुख. गाव रेल्वेने नऊ तास. मुदत दोन वर्षं. रविवारी सोळा तारखेला निघायचं.

जेवताना ऑर्डरचा कागद दाखवला. म्हणाली, जाऊ ना मी? मी म्हटलं, तुझा लॅपटॉपचा चार्जर फार जुना झालाय, आधी त्याचं बघायला हवं. यावर ती गप्प झाली. चार्जरचा मुद्दा तिच्या लक्षातच आला नसणार.

तिच्याकडे लॅपटॉप, घरचा फोन, ऑफिसचा फोन, हातातलं घड्याळ. चार वस्तू, चार चार्जर, शिवाय वायरींचा गुंता. हे सगळं एकाच चार्जरवर व्हायला हवं. प्रवासातही तोच, रोजच्या कामालाही तोच. जबाबदारी मी घेतली. नवरा म्हणून एवढं करायलाच हवं.

संकल्प: शनिवारपर्यंत विषय संपवणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
आज तीन इमारती. लिफ्ट तपासणाऱ्या माणसाला लिफ्ट मिळत नाही, कारण ती तपासणीसाठी बंद असते. हा विनोद मी सव्वीस वर्षं करतोय. पूर्वी लोक हसायचे. आता फक्त माझे गुडघे दुखतात.

येताना मोबाईलवाल्याकडे गेलो. कोणता चार्जर चांगला विचारलं. तो म्हणाला, साहेब, हा घ्या, सगळ्याला चालतो. "काही होत नाही, चालते" असं जिच्याबद्दल सांगतात त्या लिफ्टचा दोर मी सर्वांत आधी बघतो. घेतला नाही. त्याने खोका परत काचेत ठेवला आणि मागच्या गिऱ्हाईकाला तोच विकला.

६ फेब्रुवारी, गुरुवार
वही केली. अकरा रकाने. वॅट, वायर खुपसायची तोंडं, वजन, वायर, गरम किती होतो, वगैरे.

एक फसवणूक उघडकीस आणली. खोक्यावर पासष्ट वॅट लिहिलेलं असतं ते एकच वस्तू लावली तर. चारही तोंडं भरली की वाटणी होते. एकत्र कुटुंबातल्या दुधासारखं. पाहुणे आले की सगळ्यांच्या कपात थोडं थोडं कमी. हे हिला समजावलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, ऑफिसातल्या एकीने घेतलाय तोच मागवते, दोन दिवसांत येतो. मी म्हटलं, हा घाईचा विषय नाही.

शनिवारची मुदत मंगळवारपर्यंत वाढवली. सबळ कारणासाठी.

९ फेब्रुवारी, रविवार
तीन कंपन्यांचे तीन चार्जर मागवले. ऑनलाइन. जो पास होईल तो ठेवायचा, बाकीचे परत. परत न्यायला कुरियरवाला सतरा तारखेला येणार.

दुपारी हिने विचारलं, दोन दिवस रजा टाकून बरोबर येता का, खोली लावून होईल, तुम्हालाही कळेल मी कुठे राहते ते. रजा शिल्लक आहे. पण सतराला कुरियरवाला आला तर घरी कोणीतरी हवं. तिला सांगितलं. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे, हे तिचं पहिल्यापासून आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पहिला आला. चाचणी घेतली.

आमच्या खात्याचा नियम आहे: लिफ्ट आठ माणसांची असेल तर दहा माणसांचं वजन टाकून बघायचं. सव्वापट. त्यात टिकली तर रोजच्या कामात टिकतेच. हाच नियम लावला. हिचा लॅपटॉप, माझा लॅपटॉप, दोन फोन. चार्जरवर ऑफिसची पाटी लटकवली: तपासणी चालू आहे, वापरू नये.

चाळीस मिनिटांत हात लावता येईना. हिने बघितलं, त्यावर अंडं शिजेल म्हणाली आणि स्वतःचा फोन काढून घेतला. चाचणी अर्धवट राहिली. तरीही नापास.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
दुसरा. थंड राहतो. पण एक वायर काढली की बाकीची तीनही क्षणभर बंद पडून परत सुरू होतात. मधल्या मजल्यावर एक माणूस उतरला म्हणून बाकीच्यांना धक्का बसावा, हे कुठल्या नियमात बसतं? नापास.

संध्याकाळी मेहुणा बहिणीला भेटायला आला. वही चाळली. म्हणाला, भाऊजी, माझ्याकडे तीन वर्षं एकच आहे, कुठला ते मलाही माहीत नाही. आणि वर, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी म्हटलं, बैल रिकामा चालेल, जळका नको. ही हसली नाही. दोघं मग आत जाऊन बराच वेळ बोलत बसली. बहुधा माझ्या मुद्द्यावर.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७
तिसरा आला. उत्तम. हलका, थंड, धक्का नाही. मला माहीतच होतं, धीर धरला की होतं.

शेवटची परीक्षा बारा तासांची. सातला लावला, सकाळी सातला काढायचा. चारही तोंडं भरलेली. पूर्ण भार हवा म्हणून हिच्या लॅपटॉपवर व्हिडिओ चालू ठेवला. सोमवारी लॅबच्या लोकांसमोर तिला बोलायचंय, ते एकदा डोळ्यांखालून घालायला लॅपटॉप मागायला आली. मी पाटी दाखवली. ती कागदावर लिहीत बसली.

संकल्प: उद्या गाडीत बसण्याआधी चार्जर हिच्या हातात देणे. त्यासोबत दोन शब्द बोलणे. शब्द अजून ठरले नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार
लॅपटॉप अकरा टक्के.

रात्रभर लावलेला असून अकरा. चारही तोंडं भरल्यावर लॅपटॉपच्या वाट्याला फोनाएवढंच आलं, आणि व्हिडिओने त्याहून जास्त खाल्लं. म्हणजे वाटणीचा माझा मुद्दा बरोबर निघाला. हे हिला सांगितलं. ती कपाटातून जुने चार चार्जर काढत होती. कापडी पिशवीत कोंबले. वायर पिशवीबाहेर लोंबत होती तशीच गाडीत चढली.

फलाटावर मी तिला वॅटचं गणित पुन्हा नीट सांगितलं. गाडी सुटेपर्यंत पुरलं. ते दोन शब्द राहून गेले. खिडकीतून म्हणाली, वेळेवर जेवत जा.

१७ फेब्रुवारी, सोमवार
कुरियरवाला आला. अर्धं मिनिट लागलं. शेजाऱ्यांकडे ठेवलं असतं तरी चाललं असतं म्हणाला. तिन्ही चार्जर गेले. लोकांना दुसऱ्याच्या कामाची किंमत नसते.

घर मोठं वाटतंय. बहुधा खोके गेल्यामुळे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
हिला फोन केला. किती टक्के विचारलं. ब्याऐंशी म्हणाली. कालचं भाषण चांगलं झालं म्हणे, लॅपटॉप तिने गाडीतच चार्ज केला. मग दोघंही थांबलो. चाळीस सेकंदांत फोन संपला. बॅटरी जपते आहे, शहाणी आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार
दोनदा फोन केला, उचलला नाही. बॅटरी गेली असणार. जुने चार्जर घेऊन गेल्यावर दुसरं काय होणार? मी सांगत होतो.

भात लावला. खाली लागला. वरचा खाल्ला.

२३ फेब्रुवारी, रविवार
सकाळी तिचा स्वतःहून फोन. पासष्ट टक्के. खोलीला पूर्वेला खिडकी आहे, समोर शाळेचं मैदान आहे, असं सांगायला लागली. मी म्हटलं, अगं ठेव, बॅटरी जाईल. तिने ठेवला.

दुपारी लेकीचा फोन. ती तिच्या नोकरीच्या गावी असते. म्हणाली, काल आईशी तासभर बोलले, आई मस्त आहे. तासभर! मी विचार केला. येणाऱ्या फोनला बॅटरी कमी लागत असावी. नाहीतर लेकीचा फोन चांगला असेल. तिला विचारलं, तुझा चार्जर कुठला? तिने विषय बदलला.

एकूण निष्कर्ष: हिच्या हातात चांगला चार्जर नाही तोवर आमचं बोलणं असंच तुटक होणार. पुन्हा शोध सुरू. रकाने आता चौदा.

२६ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी १
सापडला! शंभर वॅट. चारही तोंडं भरली तरी लॅपटॉपला पुरतं. मुठीत मावतो. वायर जाड, तीही शंभरची, कारण पातळ वायर लावली तर चांगला चार्जरही गरीब होतो. हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं.

घरी सव्वापट चाचणी घेतली. पास. आयुष्यात पहिल्यांदा काही पहिल्या फटक्यात पास केलं. खात्याच्या नमुन्यात प्रमाणपत्र लिहून सही केली, तारीख टाकली, खोक्यात घातलं. "वापरास योग्य." कुरियरने पाठवला. येताना घराच्या चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढताना थकवा जाणवला नाही. म्हणजे जाणवला, पण वेगळा.

१ मार्च, शनिवार
पोचला असं कंपनीचा मेसेज सांगतो. सकाळी अकरा सत्तेचाळीस. आता बोलणं होईल.

संध्याकाळी ६: अजून फोन नाही. फोन पहिल्यांदा पूर्ण चार्ज करूनच वापरावा असं मीच लिहून दिलंय. त्याप्रमाणे करत असणार.

२ मार्च, रविवार
मेसेज आला: "मिळाला. छान आहे." आणि खाली अंगठा. त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत बसलो. आमच्यात अंगठा कधी नव्हता.

३ मार्च, सोमवार. रात्री ८
फोन केला. म्हटलं, आता तर काही अडचण नाही ना, मग तू फोन एवढ्यात का ठेवतेस? जे बोलली ते शब्द न बदलता लिहून ठेवतो, नाहीतर नंतर मी माझ्या सोयीने लक्षात ठेवीन.

"अहो, फोन चार्ज असतो. पहिल्या दिवसापासून असतो. जुन्यांनीही होत होता. तुम्ही रोज किती टक्के विचारता. मी कशी आहे ते एकदा तरी विचारा."

मी म्हटलं, विचारतो. उद्या विचारतो. आणि ठेवला.

ठेवल्यावर कळलं की तेव्हाच विचारता आलं असतं.

४ मार्च, मंगळवार
तयारी केली. वहीचं शेवटचं पान. १) कशी आहेस? २) खोली कशी आहे? ३) लोक कसे आहेत? ४) जेवणाचं काय? रकाने केले नाहीत.

पण आज पाच इमारती झाल्या. एका लिफ्टचं दार अडकलं, आत एक आजी, तिला बाहेर काढेपर्यंत सात वाजले. अशा थकल्या आवाजात विचारणं बरं दिसत नाही. उद्या.

खरं लिहायचं तर थकलो नव्हतो. भीती वाटली.

५ मार्च, बुधवार
विचारलं. साडेसातला.

कशी आहेस म्हटल्यावर हळूहळू बोलायला लागली आणि थांबेना. लॅबमध्ये सहा जण आहेत, सगळे तिच्याहून लहान, तिला मॅडम म्हणतात. पहिल्या आठवड्यात एका विहिरीचं पाणी तिने खराब ठरवलं, गावच्या पुढाऱ्याने आरडाओरडा केला, ही अहवालावरून हलली नाही. सकाळी मैदानावर चालायला जाते. संध्याकाळी तिथल्या एका शिक्षिकेबरोबर चहा असतो. माझा चार्जर लॅबच्या मोठ्या टेबलावर ठेवलाय, सगळेच लावतात, फार सोय झाली म्हणतात. प्रमाणपत्र कोणीतरी भिंतीला चिकटवलंय. सगळे हसले होते, पण चांगल्या अर्थाने, असं तिने दोनदा सांगितलं. या महिन्यात दोन दिवस येणार होती, आता ते एप्रिलवर गेलंय. मी म्हटलं, काम आधी.

बरी आहे म्हणाली. मी सव्वीस वर्षं बंद दाराबाहेर उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगतो की आत कुठे घासतंय. हिच्या आवाजात कुठेच घासत नव्हतं. इतका मोकळा आवाज मी घरात कधी ऐकला होता ते आठवून बघितलं. आठवला नाही.

मग तिने विचारलं, "तुम्ही कसे आहात?"

याची तयारी केलेली नव्हती. पानावर चारच प्रश्न होते आणि चारही माझे. शेवटी म्हटलं, करमत नाही गं.

ती हळू आवाजात म्हणाली, हे जाण्याआधी सांगायला हवं होतंत. रागावून नाही म्हणाली. तेवढ्यात पलीकडून तिला कोणीतरी हाक मारली, नमुने आलेत म्हणून. जाते म्हणाली, उद्या बोलू म्हणाली. मी हो म्हटलं.

फोन बंद झाल्यावरही बराच वेळ कानालाच होता. मग स्वयंपाकघरात जाऊन भात लावला. एकट्यापुरता किती लावायचा ते अजून जमत नाही.