दोन बदल्या, चार शक्यता

४ मार्च
मिलिंदने बँकेत पुण्याच्या बदलीचा अर्ज दिला. माझाही पुण्याचाच, गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात गेल्या आठवड्यातच गेलाय. नाही झाली तर कोलकाता आहेच. एकमेकांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. हल्ली नवरा-बायकोचं बोलणं दूध, गॅस आणि इराची फी, एवढंच.

९ एप्रिल
इराची दहावी सुरू. गणितात संभाव्यता. दोन नाणी उडवली तर किती प्रकारे पडतील? म्हणे तीन. दोन छापे, दोन काटे, एकेक. अगं, चार! पटेना. म्हटलं, समज, मी पुण्याला, बाबा इथे. आता बाबा पुण्याला, मी इथे. दोन्ही एकच का?
"ना. एक नाही."
गुपचूप चार लिहिले. माझ्या जिभेला हाड नाही.

१५ एप्रिल
मिलिंदची ऑर्डर आली. पुणे. एस्प्लनेडहून संदेश मिठाई घेऊन आला. खाल्ला. आनंद नाही, धास्ती नाही, काहीच नाही. चारातले दोन गेले, दोन उरले, एवढंच डोक्यात आलं.
"तुझं नाही झालं तर?"
"बघू."
तोही "बघू" म्हणाला. दोघांच्याही आवाजात काळजी नव्हती. लाज वाटली, तीही जराशीच.

२१ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. माझं नाव मंजूर होतंय. अर्ज मागे घ्यायचा असेल तर सोमवारपर्यंत सांगा म्हणाले. म्हणजे नाणं उडायचंच नाही, मीच ठेवायचं. संध्याकाळी सासूबाईंचा फोन, देवाच्या मनात असेल तसं होईल. देवावर ढकलायची सोयही गेली. घरी बोलले नाही.

२६ एप्रिल, रविवार
दुपारी जेवताना सांगून टाकलं. मिलिंद भात कालवत म्हणाला, "तुझं तू ठरव."
इरा म्हणाली, "तुम्ही मला मोजलंच नाही."
"तू आमच्याबरोबरच ना?"
"कोणाबरोबर? मी पण नाणं आहे, आई. मी दहावी इथेच करणार. मौशुमीच्या घरी राहीन. तिच्या आईला, काकिमाला विचारून झालं."
मिलिंदचा हात थांबला. किती दिवसांनी आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
नंतर कागदावर मांडलं. तीन नाणी, आठ प्रकार. मिलिंदचं पडून झालं, म्हणून चार. तिघं एकत्र, असा एकच. त्याच्याभोवती दोनदा गोल काढला.
इराच्या दाराशी गेले. आत ती फोनवर बंगालीत कोणाशी तरी हसत होती. अर्ज मागे घेऊ का, हे तिलाच विचारायचं होतं; दार न वाजवता परत आले.
उद्या सोमवार.