तोफगोळ्यांच्या फुलदाण्या

मी, पितळी फुलदाण्या घडवणारी, वय एकाहत्तर, पाय गेले असले तरी डोके शाबूत असताना, कोणी भरीस घातले म्हणून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवत आहे.

१. राहते घर मुलीला. वरच्या खोलीतली व्यायामाची यंत्रे जावयाची. वापरत नसला तरी त्याचीच.

२. कारखान्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. लढाई संपली तेव्हा शेतांत तोफगोळ्यांची पितळी नळकांडी पडलेली असत. माझ्या यजमानांनी ती ठोकून, मध्ये कंबरेसारखी आवळून, अंगावर पानेफुले कोरून फुलदाण्या केल्या. आधी त्या घेतल्या लढाईत मुले गमावलेल्या आयांनी, फोटोपुढे ठेवायला. आता त्या सजावटीच्या दुकानांत वाळके गवत खोचून उभ्या असतात आणि गिऱ्हाईक विचारते, "हा आकार कसा सुचला हो?"

नळकांडी धाकटा दीर पुरवायचा. एकदा न तपासताच घेऊन आला. म्हणाला, "दादा, रिकामं आहे, बिनधास्त ठोक." आत दारू शिल्लक होती. पहिल्याच घावाला छप्पर उडाले. यजमानांना मी चादरीत गोळा केले; उजवा हात सापडला नाही.

पुढच्याच आठवड्यात दीर कारखाना बळकावायला आला. केस धरून त्याने मला ऐरणीपर्यंत फरफटत नेले, तिच्यावर कागद पंजाने दाबून धरला आणि म्हणाला, "सही कर, वहिनी." मी हातोडी उचलून त्या पंजावर घातली. पुन्हा घातली. तेव्हापासून त्याला थोटा म्हणतात. मला तेव्हाही वाईट वाटले नाही, आजही वाटत नाही.

३. थोट्याला काहीही देऊ नये.

४. कारखाना, ऐरण, हातोड्या, छिन्न्या पुतणीला, म्हणजे थोट्याच्याच मुलीला. बापाच्या पट्ट्याने पाठ फुटलेली ती माझ्या दारी आली आणि म्हणाली, "काकू, मला काम शिकवा."

कारखाना तिलाच देणार म्हटल्यावर माझी मुलगी भडकली. "आई, ज्याने बाबांना मारलं, त्याच्या पोरीला?"

"तेव्हा ती जन्मलीही नव्हती," मी म्हणाले. त्यावरून मुलीने माझ्याशी अबोला धरला.

गेल्या महिन्यात थोटा कोयता घेऊन पुतणीला न्यायला आला. मी अंथरुणावर होते. पुतणी माझ्या उंबऱ्यात आडवी उभी राहिली. कोयता खांद्यात रुतला तरी हलली नाही. तिला सावरायला धावली ती माझी मुलगी. तिनेच थोट्याला लाथ घालून पायऱ्यांवरून खाली लोटले. टाके पडेपर्यंत पुतणीचा हात तिने सोडला नाही. घरी येऊन मला म्हणाली, "कारखाना हिच्याच नावावर लिही."

तसा लिहिला आहे.

सही: फुलदाणीवाली
साक्षीदार: टाके घालणारे डॉक्टर, शेजारचे कुलूपवाले
स्थळ: माझी खोली
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्याप्रमाणे