बुधवारचा मोकळा मंडप

१४ मार्च, शुक्रवार, भर दुपार

ती. ताईस,

नमस्कार. खुशालीचं वाक्य शाळेत शिकवलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो, म्हणून थेटच लिहितो. पत्ता भावोजींच्या जुन्या मालकाकडून काढला. देत नव्हते. "तुमच्या घराचं वारंसुद्धा त्यांना लागायला नको," म्हणाले. त्यांच्या गोदामात दोन दिवस बांबू रचले, तेव्हा पाघळले. त्यांचा ट्रक उद्या तुमच्याकडे येतोय, पत्र ड्रायव्हरच्या हाती देतोय.

मी परत आलोय. किती दिवसांसाठी ते विचारू नकोस. सध्याचं काम म्हणजे रिक्षात बसायचं, माईक धरायचा आणि मंडळाचे कार्यक्रम गल्लोगल्ली ओरडत फिरायचं. खिडकीतून बायका "आवाज कमी कर मेल्या" म्हणतात आणि त्याच दमात "डोळे कधी तपासणार रे?" हेही विचारतात.

तर सोमवारी मोफत डोळे तपासणी. मंगळवारी मुलांची चित्रकला. गुरुवारी पाककृती स्पर्धा. शनिवारी रस्सीखेच, लग्न झालेले विरुद्ध न झालेले. न झालेले हरणार, आमच्यात सगळे काडीपैलवान. चौकातला मंडप एका अंगाला कललाय. भावोजी गल्ली सोडून गेल्यापासून इथे कुणाला सरळ खांब रोवता येत नाही.

बुधवार गाळला मी.

बुधवारी संध्याकाळी बाबांची शोकसभा आहे. ताई, बाबा गेले. गेल्या सोमवारी शिलाई मशीनवरून उठले, बरं वाटत नाही म्हणाले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सगळं मीच केलं. तुझा नंबर कुणाकडे नव्हता. म्हणजे असेल, पण दिला नाही कुणी.

अध्यक्षकाका म्हणाले, "मंडप आहेच, बुधवार मोकळाय, शोकसभा उरकून घेऊ." उरकून! मग हळूच विचारलं, "बहिणीला कळवलंस?"

"नाही."

"बरं केलंस. उगाच जुनं निघायला नको. मी भाषणात त्यांना कुटुंबवत्सल म्हणणार आहे."

हाच माणूस आपल्या खाटेवर बसून, आपला चहा पिऊन बाबांना म्हणाला होता ना, "आमचे खांब रोवणारा तुमच्या घरात जावई म्हणून बसणार? मग मंडळात तुम्ही कशाला?" आणि बाबांनी मंडळ ठेवलं, तुला काढलं. मंडळाच्या पडद्यांना ते फुकट झालर लावायचे. त्या पडद्यांपुढे आता त्यांचा फोटो.

मग मी काल काय केलं, तर रिक्षा चौकात थांबवली आणि माईकवर म्हणालो, "बुधवारच्या सभेत प्रमुख वक्त्या म्हणून बोलतील त्यांच्या थोरल्या कन्या." पुढे तुझं नाव, सासरच्या आडनावासकट. चार गल्ल्यांत. काका एका पायात चप्पल घालून मागे धावले. "कुणी सांगितलं तुला?" मी माईक त्यांच्यापुढे धरला. "काका, ती का येऊ नये ते तुम्हीच सांगा सगळ्यांना." दुसरी चप्पल घालायला मागे फिरले. आता माघार घ्यायची तर कारण द्यावं लागेल, आणि कारण गल्लीत प्रत्येकाला माहीत आहे.

कोपऱ्यावरची इस्त्रीवाली मावशी विचारत होती, "खरंच येणार का रे ती?" मी हो म्हणालो. तुला न विचारता.

ये आणि हवं ते बोल. शिव्या घाल, माईकचा आवाज मी मोठा ठेवीन. नाहीतर नुसती उभी राहा त्या सगळ्यांसमोर, भावोजींना शेजारी घेऊन.

बाबांनी शेवटी तुझं नाव घेतलं, असं लिहिलं असतं तर तू धावत आली असतीस. लिहून खोडलंय ते, वर डाग दिसेल बघ. नाही घेतलं त्यांनी. पाणी मागितलं, आणि दुकान बंद केलंस का, एवढंच विचारलं.

हे वाचूनही यावंसं वाटलं तरच ये.

बाबांच्या बदली, चार गल्ल्यांत तुझं नाव घेऊन आलेला,
तुझा भुंगा