रेणू तोच, गोळी वेगळी

१२ नोव्हेंबर, वसमत

आईला परत फिट आली. अंगणवाडीत कामावर, लेकरांसमोर! खिचडीच्या पातेल्यावर पडली, हात भाजला. इतकी वर्षं फिटा बंद होत्या, अन् या महिन्यात ही दुसरी.

डॉक्टर म्हणे, "पद्माबाई, गोळ्या चुकवताय तुम्ही." रत्नपालदादाचंही तेच — "काहून खोटं बोलून राहिलीस, आई?" ती एवढंच म्हणाली, "खाते रे बाबा." मी रोज बघतेय तिला गोळी गिळताना. पण ऐकतंय कोण!

१३ नोव्हेंबर

अंगणवाडीच्या बाई निरोप देऊन गेल्या — "बरं वाटेस्तोवर येऊ नका." म्हणजे कायमचंच. आई भिंतीकडं तोंड करून निजली.

गोळ्यांची कंपनी तीच, पण पाकीट नवं, दिवाळीपासूनचं. जुन्या पाकिटातल्या दोन गोळ्या तिच्या पर्समध्ये सापडल्या. दोन्ही प्रकारच्या घेऊन चालले पुण्याला. औषधांचे स्फटिक मोजणं हेच तर माझं पीएचडीचं काम!

१८ नोव्हेंबर, पुणे

तेज द्रावकात विरघळवून तपासलं तर जुनी-नवी सारखीच. म्हणून तर कंपनीच्या तपासणीत पास होते मेली! पण विरघळवलं की रेणू एकमेकांना कसे चिकटून बसले होते, तेच पुसून जातं. मी भुकटी कोरडीच इवल्या नळीत ठासली आणि एनएमआर यंत्राच्या चुंबकात तिरकी धरून गरगर फिरवली. आलेखावर नवीची कार्बनची शिखरं जुनीपेक्षा सरकलेली! रेणू तोच, रचना दुसरी. साध्या पाण्यात टाकली तर नवी विरघळता विरघळेना. पोटात काय विरघळणार?

आई खोटं बोलत नव्हती.

१९ नोव्हेंबर

माझ्या गाइड, देवश्री मॅडम. आलेख बघत बसल्या. मग — "सगळा डेटा मला दे. कुणाशी बोलू नकोस." काहून? तर याच कंपनीच्या पैशावर आमची लॅब चालते!

"मॅडम, आई आहे ती माझी."

"म्हणूनच सांगतेय, पल्लवी. गप्प बस."

डेटा दिला. अन् तडक वसमतची गाडी धरली.

२७ नोव्हेंबर, वसमत

लॅबमधल्या विश्वजीतनं एका तक्रारीचा फोटो पाठवला. औषध प्रशासनाकडं तक्रार गेलीय — मॅडमच्या नावानं! फक्त त्यांच्या! फिट माझ्या आईला, नळी भरली मी, आणि माझं नाव कुठंच न्हाई. आमच्यासारख्या वस्तीतून आलेल्यांची नावं गाळायची सवयच आहे या मोठ्या लोकांना. फोन केला, उचलत नाहीत. चोर!

दादानं तक्रार वाचली. आईपाशी बसला. "चुकलं माय."

आई म्हणाली, "मग उठ, भाकरी थाप. माझा हात भाजलाय."

२ डिसेंबर

विश्वजीतचा फोन. कंपनीनं पैसा काढून घेतला. मॅडमना कामावरून दूर केलंय. चौकशीत म्हणाल्या म्हणे — "गोळ्या मी आणल्या, मोजल्याही मीच. पल्लवीचा संबंध नाही. तिची पीएचडी व्हायचीय अजून."

उद्याच्या पहिल्या गाडीनं पुण्याला चाललेय. मोजलं मी. चौकशीत सांगणारही मीच.