चाळीस मिनिटांचा लाल रंग

मी, गुरम्मा चन्नबसप्पा खानापुरे, वय ६९, राहणार लातूर, हे माझ्या राजीखुशीनं लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे. शंका असेल त्यानं मी आहे तोवर मृगातले तारे विचारून घ्यावेत.

१. घर माझ्या नावावर आहे, ते एकुलत्या मुलाला, शिवमूर्तीला. गच्चीवर क्लासच्या पोरांसाठी खोल्या काढायच्या तर काढ. दिव्यांनी आभाळ असं उजळलंय की तिथून आता काय दिसत न्हाई.

२. दुर्बीण सादियाला. कलर लॅबवाल्या गुलाम रसूलभाईंची ही मुलगी नांदेडला फिजिक्स शिकवते. दुर्बिणीचा आरसा यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, सहा महिने घासून घडवलाय. पदरानं पुसू नकोस, बाई.

३. मृगातल्या तेजोमेघाचा रंगीत फोटो. शिवमूर्ती शिकवतो त्या क्लासला तो नव्या हॉलमध्ये भिंतभर लावायचाय. खाली पाटी: 'छायाचित्र: लिंगैक्य चन्नबसप्पा खानापुरे'. यांच्या माघारी एकट्या यांचंच नाव, हे मला मंजूर नाही.

हकीकत अशी. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर घरात झोपायची हिंमत नव्हती. निलंग्याला भावाच्या शेतात पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. डिसेंबरची अमावास्या. कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधलेला. यांनी शटर उघडलं अन् शेकोटीला जाऊन बसले. यांना तंबाखूचा खोकला. खोकले की दुर्बीण हलायची. पुढची चाळीस मिनिटं भिंगातल्या फुलीवर एक तारा मी धरून ठेवला, तारे सरकतील तशी दुर्बीण सरकवायची चकती बोटानं केसाकेसानं फिरवत. सुटला असता तर सगळ्या ताऱ्यांच्या अळ्या झाल्या असत्या. एक पण झाली न्हाई.

गुलामभाईंनी प्रिंट राखाडी काढली. "भाभी, लाल जादा हो गया था, बराबर कर दिया."

"जादा न्हाई, लालच हाय. तो वायूच तसा चमकतो."

चार वेळा काढायला लावली. आधीच्या रोलला काळ्या फ्रेमा कुठं संपतात ते न कळून त्यांनी तेजोमेघ मधोमध कापला होता. म्हणून कापायची खूण कळावी यासाठी या रोलची पहिली फ्रेम मुद्दाम उन्हात काढलेली. तीत दुर्बिणीला डोळा लावून, पदर खोचून मी बसलेय. पुरावा पाहिजे त्यानं बघावी.

फोटोला बक्षीस मिळालं, ते यांच्या नावानं आलं. फोटो स्टुडिओ यांचा, म्हणून मी गप बसले. ते माझं चुकलं.

इथवर वाचून शिवमूर्ती म्हणाला, "आई, आता बाबांचं नाव कशाला काढायलीस?"

"काढायले न्हाई, बाबा. माझं घालायले."

तरी पाटीवर आधी माझं नाव, मग यांचं. तसं झालं तर निगेटिव्ह शिवमूर्तीची. न झाल्यास सादियाची, आणि क्लासनं फोटो उतरवावा.

४. "आभाळाकडं बघणारी काय संसार करणार," असं जाऊबाई कमलम्मा म्हणाल्या होत्या. घरातली मोठी प्रिंट फ्रेमसकट त्यांना. देवघरासमोर लावावी, म्हणजे रोज दिसेल.

लिहिलं मी, वाचलं मी, हात कोणी धरला नाही. साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: गुरम्मा चन्नबसप्पा खानापुरे

साक्षीदार: गुलाम रसूल, कलर लॅब
अनंतराव औसेकर, निवृत्त शिक्षक

लातूर, १४ जानेवारी २००९

वाचलं. पाटी आजच नव्यानं करायला टाकली. पहिलं नाव आईचं.
शिवमूर्ती