कठडा डाव्या बाजूला

लेहतोवारा,
१४ जून १९८७

प्रिय मार्त्ता हिस,
ओइवाचे अ. आ. वि. वि.

वाटेची हालहवाल तू दर जूनला मागतेस, म्हणून आधी तीच लिहितो. वाचनालयाच्या फलकावर लावून टाक, म्हणजे पाठीवर पिशव्या घेऊन येणारी मंडळी तुझं डोकं खाणार नाहीत. यंदा बर्फ उशिरा वितळलं. लांबवाटेचा माझ्याकडचा टप्पा, मुस्तालाम्पीच्या झोपडीपासून आपल्या गावापर्यंतचा, चालण्याजोगा आहे, पण सुखाचा नाही. दलदलीवरच्या फळ्या दोन ठिकाणी पाण्याखाली आहेत. वादळात आडवे झालेले पाइन मी कापून बाजूला ओढले. ओढ्यावरचा ओंडका डुगडुगतो आहे. डास नेहमीइतकेच आहेत, म्हणजे घास घ्यायला तोंड उघडावं की नाही असा प्रश्न पडावा इतके.

आता जे लिहितो ते फलकावर लावू नकोस. झोपडीत कुणीतरी येऊन जातंय. एकटाच आहे, आणि नाव न लिहिता जातो. चुलीतली राख काढलेली, लाकूड फोडून भिंतीशी रचलेलं, आणि वर तीन पिसं कोरून ठेवलेली. वाळक्या काठीच्या ढलप्या सुरीनं सोलायच्या पण तोडायच्या नाहीत, कुरळ्या तशाच राहू द्यायच्या, म्हणजे ओल्या दिवसातही एका काडीत पेटतात. आपल्या घरात सगळ्यांना येतात तशीच. जाणाऱ्यानं पुढच्यासाठी सरपण ठेवून जावं हा रिवाज आहे, मी नाही म्हणत नाही. पण हल्ली तो पाळतो कोण? हेलसिंकीची पोरं चॉकलेटचे कागद ठेवून जातात.

इतकी टापटीप मला संशयास्पद वाटते. हा रान ओळखणारा माणूस आहे. आणि रान ओळखणारा माणूस दलदलीतली हिल्ल्याची फळझुडपं फुलावर असताना त्या बाजूला दोनदा कशाला फिरकेल? आईची दलदल झोपडीपासून फार लांब नाही. कोणत्या दिशेला, ते तुलाही सांगणार नाही. पिवळ्या हिल्ल्यांपायी सख्खे शेजारी खोटं बोलताना मी पाहिलेत.

तर या टप्प्याची चौकशी करायला वाचनालयात कोण कोण येतं, ते मला गुपचूप कळव. पेंत्ती मेहुण्याला नमस्कार. माया असू दे, आणि डोळे उघडे असू देत.

तुझा,
ओइवा


काजानी,
१७ जून १९८७

ती. ओइवादादास,
मार्त्ताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पेंत्ती इतका हसला की कॉफी सांडली. जगात लोक चोर ओळखतात ते काही नाहीसं झालं म्हणून. लाकूड फोडून ठेवणाऱ्यावर संशय घेणारा तू पहिलाच. उद्या कुणी तुझं अंगण झाडून गेलं तर पोलिसांत जाशील.

हालहवाल फलकावर लावली. लोक पुष्कळ विचारतात, नावं मी काही लिहून घेत नाही. परवा एकांनी विचारलं म्हणून तुला विचारते, की तो ओढ्यावरचा ओंडका तू लवकर बसवणार आहेस का? समजा, सत्तरीला टेकलेला माणूस असेल, तर त्याला तो टप्पा झेपेल का? आणि झोपडीला कुलूपबिलूप घालण्याचं मनात आणू नकोस हं. रानातली झोपडी उघडीच असली पाहिजे, असं आईच म्हणायची.

यंदा युहान्नसच्या सणाला तुझ्याकडे येणं जमत नाही. माडीवरच्या खोलीत पाहुणा आहे, पेंत्तीच्या ओळखीचा. त्याला एकटं सोडून येणं बरं दिसत नाही. तुझ्यासाठी वेलचीचा पाव आणि लोकरी मोजे पाठवते आहे. पावावर संशय घेऊ नकोस, मीच भाजला आहे.

तब्येत सांभाळ. आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी,
मार्त्ता


लेहतोवारा,
४ जुलै १९८७

प्रिय मार्त्ता,
अ. आ. वि. वि.

पाव चांगला होता. मोजे मोठे झाले. माझ्या पायाचं माप तू विसरावंस याचं नवल वाटलं. हे कुणा दुसऱ्याच्या मापाचे आहेत.

वाट: पाणी ओसरलंय, फळ्या वर आल्यात, पण शेवाळानं निसरड्या झाल्यात. दलदलीच्या मधोमध, जिथे तळ लागत नाही, तिथल्या फळ्या कुजायला लागल्यात. अस्वलाची विष्ठा एका ठिकाणी दिसली, जुनी होती.

मी कुलपाचं नाव काढलं नव्हतं. तू काढलंस. पेंत्तीला मी चाळीस वर्षं ओळखतो, त्याला भेटायला त्याचा सख्खा भाऊही येत नाही, मग हा पाहुणा कुठून उगवला? असो. मी आपला विचारतो.

तो माणूस पुन्हा येऊन गेला. या वेळी मी ती पिसं घरी आणून उजेडात पाहिली. ढलप्या उलट्या बाजूला वळल्यात. डाव्या हातानं सुरी चालवली की तशा वळतात. डावखुरे जगात पुष्कळ असतील. मला मात्र असा कोरणारा एकच माहीत आहे, आणि त्याचं नाव या घरात तीस वर्षं कुणी घेतलेलं नाही.

तू तेव्हा काजानीत नर्सिंग शिकत होतीस, म्हणून पुन्हा सांगतो. आईनं हिल्ल्यांच्या दलदलीची जागा फक्त आम्हा दोघा भावांना, तौनोला आणि मला, दाखवली होती. त्या उन्हाळ्यात फळं पिकली, आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी तोडायला जायचं ठरवलं, आणि सकाळी बघतो तर एकूण एक फळ गेलेलं. देठ जागच्या जागी उभे. इतकं स्वच्छ काम हातांशिवाय होत नाही. माझे हात नव्हते. मी अंगणात सगळ्यांसमोर त्याला चोर म्हणालो. तो पिशवी भरून स्वीडनला गेला. तिथे कारखान्यात राबला, लग्न केलं, आणि आईच्या मातीलासुद्धा आला नाही. ज्याचं मन स्वच्छ असतं तो आला असता.

आता म्हातारपणी पुन्हा हिल्ल्यांचा वास लागला असेल तर मी तयार आहे. फळं पिकेपर्यंत वाटेवरच्या दलदलीच्या मधल्या फळ्या काढून ठेवतो. अनोळख्याला पाटी लावून थांबवीन. आपल्या घरातला असेल तर पाटी न वाचता जुन्या सवयीनं पुढे येईल, आणि मला कळेल.

हे कुणाला बोलू नकोस. तुझ्यावर विश्वास आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

ओइवा


काजानी,
८ जुलै १९८७

ती. ओइवादादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्याबरोबर बसले आहे लिहायला. फळ्या काढू नकोस. हे मी हसत लिहीत नाही. तळ लागत नाही असं तूच लिहितोस, आणि तिथून फळ्या काढायच्या गोष्टी करतोस. काठी टेकत चालणारा माणूस त्या पाण्यात पडला तर ओरडला तरी ऐकायला कोण आहे? तुला कळायचं ते कळेल, पण फार उशिरा कळेल.

मी एकाला शब्द दिला आहे, म्हणून उघड काही लिहीत नाही. एवढंच सांगते, की झोपडीपर्यंत येणाऱ्या माणसाला फळांशी काही देणंघेणं नाही. तो तिथवर येतो, रात्र काढतो, सकाळी गावाच्या दिशेला थोडं चालतो, आणि मागे फिरतो. पुढच्या वेळेला नक्की जाईन म्हणतो. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मला रडू आलं.

आईच्या मातीला तो का आला नाही, हे तू कधी विचारलंस का? ज्या अंगणात तू त्याला चोर म्हणालास, त्याच अंगणात त्याला उभं राहावं लागलं असतं.

मी तुमच्या दोघांच्या मध्ये फार वर्षं बसले आहे, आता कंबर दुखते. फळ्यांचं तेवढं ऐक. माझ्यावर राग धर, पण मला धरून ठेव.

तुझी,
मार्त्ता


लेहतोवारा,
२७ जुलै १९८७

प्रिय मार्त्ता,
अ. आ. वि. वि.

तो माणूस काठी टेकत चालतो, हे मी कधी लिहिलं नव्हतं. तुझं पत्र वाचताना ते पहिल्यांदा दिसलं, बाकी सगळं नंतर दिसलं. मोजे कुणाच्या मापाचे तेही कळलं. तेव्हा माडीवरचा पाहुणा कोण हे सांगायची गरज नाही. तू, पेंत्ती आणि तो, तिघं मिळून मला बनवत होतात, याचा मला दोन दिवस इतका राग होता की मी कुऱ्हाड घेऊन गरज नसताना लाकडं फोडली.

फळ्या काढल्या नाहीत. त्याऐवजी मी स्वतः जाऊन बसलो. देणंघेणं नाही म्हणतेस ना, बघूच म्हटलं. फळं पिकल्यावर पहाटे उठून आईच्या दलदलीशी गेलो, उन्मळलेल्या पाइनच्या मुळांमागे बसलो, तोंडाला जाळी बांधून. फळं यंदा अशी धरली होती की दलदल पिवळी दिसत होती. चोर आला की त्याला नावानं हाक मारायची, असं ठरवून बसलो होतो.

ऊन वर आलं तेव्हा अस्वल आलं. मादी होती, मोठी, एकटी. वारा माझ्याकडे येत होता म्हणून तिला माझा वास लागला नाही. ती एका कडेला खाली बसली आणि खायला लागली. मार्त्ता, मी आयुष्यभर रानात आहे, पण अस्वलाला हिल्ला खाताना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. ओरबाडत नाही. ओठांनी एकेक फळ वरच्या वर उचलते, देठ हलतसुद्धा नाही. एक पट्टा संपला की सरकून पुढच्या पट्ट्याला बसते, आई बटाटे खणायची तशी. दुपारपर्यंत तिनं दलदल साफ केली आणि निघून गेली.

मग मी उठून पाहिलं. देठ जागच्या जागी उभे होते. फळ एक नव्हतं. तीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी जे पाहिलं होतं तेच होतं, आणि त्यावरूनच मी हातांशिवाय असं काम होत नाही म्हणालो होतो. मी रिकामी बादली घेऊन घरी आलो आणि कॉफी केली. ती तशीच गार झाली.

पुढे काय लिहावं कळत नाही. मला वाटेची हालहवाल लिहिता येते, तेवढी लिहितो. ही फलकावर लाव. आणि फलकाआधी घरात मोठ्यानं वाच.

मुस्तालाम्पीच्या झोपडीपासून लेहतोवारापर्यंतची वाट मोकळी आहे. दलदलीवर मधोमध नव्या फळ्या घातल्या आहेत, अजून पिवळ्या आहेत, पण पक्क्या आहेत. ओढ्यावर नवा ओंडका टाकला आहे, वरची बाजू सपाट तासून. कठडा बांधला आहे. उत्तरेकडून येणाऱ्याच्या डाव्या बाजूला बांधला आहे. चढावर बसायला एक बाक केला आहे. झोपडीत सरपण आहे, पिसं कोरलेली आहेत, उजव्या हातानं कोरलेली, चालवून घ्यावीत. वाटेच्या शेवटी जे घर लागतं तिथे शनिवारी सौना तापलेली असते. दोघांना पुरेल इतकं पाणी भरून ठेवलेलं असतं.

उत्तराची घाई नाही, असं लिहिणार होतो. पण आहे.

ओइवा


काजानी,
१ ऑगस्ट १९८७

ती. ओइवादादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं आधी स्वयंपाकघरात वाचलं. तो खिडकीशी बसून मुइक्कू मासे साफ करत होता. अस्वलाचं वाचताना सुरी थांबली. हालहवाल वाचून झाली तेव्हा त्यानं विचारलं, कठडा कोणत्या बाजूला आहे. मी आत्ताच वाचलं होतं, तरी पुन्हा सांगितलं, की डाव्या. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

मग तो एवढंच म्हणाला, की हवा बघायला हवी. हवा आठवडाभर कोरडी आहे हे रेडिओवर सकाळीच सांगितलं होतं. आज पहाटे उठून पाहिलं तर खोली रिकामी. काठी नाही, मोजे नाहीत. पेंत्तीनं त्याला बसपर्यंत सोडलं म्हणे. मला उठवलं नाही, कारण मी वाटभर सूचना दिल्या असत्या.

या वेळीही तो झोपडीवरून मागे फिरला, तर मी काय करीन मला माहीत नाही. कळव. एका ओळीचं का होईना, कळव. जीव टांगणीला आहे.

तुझी,
मार्त्ता


लेहतोवारा,
९ ऑगस्ट १९८७

प्रिय मार्त्ता,
अनेकानेक आ. वि. वि.

आला. शनिवार म्हणून लिहिलं होतं, तर हा गुरुवारीच आला. मी खरंच वाट दुरुस्त केली आहे की नुसतंच लिहिलं आहे, ते बघायला. हा संशयी स्वभाव मला एकट्याला मिळालाय, असं तुम्ही सगळे समजत होतात.

मी ओढ्यावरच होतो. तो समोरच्या काठावर उभा राहिला. केस सगळे गेलेत. मी ओळखलं ते काठी डाव्या हातात होती म्हणून, असं म्हणेन, पण खरं म्हणजे चालीवरूनच लांबून ओळखलं होतं. त्यानं काठी काखेत घेतली, कठडा धरला, आणि सावकाश इकडे आला. आल्यावर पहिलं काय बोलला असेल? गाठी वाईट मारल्यास, म्हणाला. मी म्हणालो, असतील.

सौना शनिवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी तापवली. वरच्या फळीवर बसल्यावर मी त्याला अस्वलाचं सांगितलं. त्याला ते माहीत आहे हे मला माहीत होतं, पण माझ्या तोंडून सांगायचं होतं. त्यानं दगडांवर पाणी ओतलं, वाफ इतकी आली की एकमेकांचे चेहरे दिसेनात. मग तो म्हणाला, की त्या दिवशी अंगणात त्यानंही हेच सांगितलं होतं. अस्वल असेल म्हणून. दोनदा सांगितलं होतं.

मला हे आठवत नाही, मार्त्ता. खूप आठवून पाहिलं. पण तो म्हणतोय, म्हणजे म्हणालाच असेल.

दलदलीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात अस्वलानं थोडी फळं ठेवली आहेत, कदाचित पिकली नव्हती म्हणून. रविवारी ये. जागा तुला दाखवायची असं आमचं ठरलं आहे. आईनं तुला कधी दाखवली नाही, हे तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस, पण आम्हाला दोघांना माहीत होतं. बादली आण. पेंत्तीला बसस्टॉपवरच बसव, त्याचा अजून भरवसा नाही.

बाकी ठीक. माया आहेच, ती रविवारी बघून खात्री करून घे.

तुझा,
ओइवा

ता. क. वाटेची स्थिती उत्तम आहे. कठडा मात्र सैल आहे. उद्या मी नीट बांधतो.
तौनो