कुरुंदवाडपर्यंतचं कपाट

अहो,

दहा महिने गप्प बसले. आज बसणार नाही. काल संध्याकाळी माझ्या अण्णांचं कपाट स्वयंपाकघरात पुन्हा उभं राहिलं, आणि तुमच्याशी भांडल्याशिवाय मला घास गिळवेना. फोटोसमोर उभं राहून भांडावं तर सूनबाई काळजीनं बघते. म्हणून कागद घेतला.

पहिली गोष्ट. मला विचारलं होतंत का? कपाट माझं. माझ्या वडिलांनी कुरुंदवाडात, शेताच्या बांधावरचा साग पाडून करून घेतलेलं, लग्नानंतर माझ्याबरोबर ट्रकमधून आलेलं. जाळीच्या दाराचं. दूध, तूप, विरजण, आणि तुमच्यापासून लपवलेले शेंगदाण्याचे लाडू, सगळं त्यातच. मी चार दिवस बहिणीकडे बारशाला गेले आणि परत येऊन बघते तर कपाट नाही! माडीवर लाकडांचा ढीग, आणि मधोमध तुम्ही, भुवयांवर भुसा, तोंडभर हसू.

"आगं, ऑइलपेंटच्या थराखाली नुसतं सोनं हाय सोनं! दिवाळीपतोर नवं करून देतो की."

कुठली दिवाळी हो? तुम्ही दसरासुद्धा बघितला नाहीत.

नोकरीभर एसटीत कंडक्टर, त्यामुळे घरात बसवेना, हे मला कळत होतं. जुन्या बाजारातून मोडक्या सागवानी खुर्च्या आणल्यात, मी बोलले नाही. (बोलले. पण कमी बोलले.) त्या खुर्च्या घासल्यात, लाखेचं पॉलिश चढवलंत, आल्यागेल्याला त्यावर बसवून "कशी हाय?" विचारलंत. छान होत्या, हेही आज कबूल करते. पण माणसानं अर्धवट काम टाकून जावं का? एवढी वर्षं एक फेरी कधी अर्ध्यात सोडली नाहीत, आणि माझं कपाट खोलून गेलात!

तुम्ही गेल्यावर ती लाकडं तशीच माडीवर राहिली. मी वर जातच नव्हते. मग गेल्या महिन्यात संदीप म्हणाला, "आई, ते आता काय जुळत न्हाय. बाबांच्या वर्षश्राद्धाला पावणं येणार, माडी मोकळी कराय पायजे. बाळू सुतार म्हणतोय, त्याच फळ्यांचं चपलांचं कपाट हुतंय झकास."

चपलांचं! ज्यात अण्णांच्या घरचं तूप राहिलं, त्यात ह्यांचे बूट! मी तुमच्या पोराला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी म्हटलं, श्राद्धाच्या आत उभं करून दाखवते, नाही झालं तर खुशाल चपला ठेवा.

बोलून तर बसले. दुसऱ्या दिवशी पदर खोचून वर गेले. उरलेला रंग खरवडला. वरचा चॉकलेटी, त्याखाली हिरवा, त्याखाली कसला तरी पिवळट. हे सगळे रंग दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीला कोणी फासले होते? तुम्हीच ना? आणि वर मलाच सांगत होतात, सागाला रंग देणं म्हणजे पाप! खांदे भरून आले, नखं गेली. पण पॉलिश पेपर मारल्यावर लाकडाच्या रेषा वर आल्या आणि अण्णांच्या घरातला वास सुटला. मी तिथंच बसून रडले. तेही तुमच्या खात्यात.

मग जोडणी. चार उभे खांब, त्यांना खाचा. आठ आडव्या पट्ट्या, त्यांच्या टोकांना खाचेत बसणारी कुसं. सगळं हातानं केलेलं, त्यामुळे प्रत्येक कुसू सुताभरानं वेगळं, आपल्याच खाचेत बसणारं. म्हणजे कुठली पट्टी कुठं, हे कळल्याशिवाय काही होत नाही. आणि कळणार कसं? शहाण्या माणसानं एक, दोन, तीन असे आकडे टाकले असते. तुम्ही कुसांवर पेन्सिलीनं काय लिहून ठेवलं होतंत?

बाळू सुतारानं एकेक पट्टी उचलून वाचली. शिरोळ. हातकणंगले. जयसिंगपूर. मग पट्टी खाली ठेवून माझ्याकडं वळला.

"काकी, काका कपाट करत हुते का गाडी भरत हुते?"

मला हसू आलं आणि संतापही आला. कारण मला लगेच कळलं. कोल्हापूर तळाशी, कुरुंदवाड माथ्याला! माझ्या माहेरच्या गाडीचे थांबे, खालून वर. त्या रस्त्यावर तुम्ही निम्मी नोकरी केलीत, तुम्हाला आकड्यांपेक्षा तेच पाठ. पण मी विचारते, हे दुसऱ्या कुणाला कळणार होतं? संदीपला? तो मोटारीशिवाय कुठं जात नाही. एका बायकोसाठी लिहून ठेवलंत, आणि त्या बायकोला सांगितलंतही नाही!

कोल्हापूर बसलं. शिरोली बसलं. हातकणंगले बसलं. त्यावर मी निमशिरगाव दिलं आणि मग तमदलगे. बसेना. बाळूनं लाकडी हातोडीनं ठोकलं, तरी बसेना. मी म्हटलं, काकांनीच काही घोळ घातला असेल, नाहीतर लाकूड फुगलं असेल. मग त्याच पट्ट्या अदलाबदल करून का बघितल्या नाहीत, म्हणाल. अहो, चाळीस वर्षं त्या रस्त्यानं माहेरी गेलेली बाई मी! मला कोण शिकवणार?

"सूतभर तासतो की काकी, बसतंय बघा," म्हणत बाळूनं पटाशी उचलली.

मी "तास" म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. एकदा तासलेला साग काही परत चिकटत नाही. आणि तेवढ्यात तुमचा आवाज आठवला.

"ओ पावणं! उतरायचं हाय, का संगमात जायचं?"

दर वेळी! अख्ख्या गाडीसमोर! हातकणंगले गेलं की माझा डोळा लागायचा, तो नदीच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडला स्टँडवर तुम्ही असं ओरडून उठवेपर्यंत. लोक हसायचे. मी म्हणायची, "मी कुठं झोपलो? डोळं मिटून घेतलं हुतं." घरी येऊन त्यावरून भांडायची. चाळीस वर्षं मी हेच सांगत आले, की मी झोपत नव्हते.

बाळूला म्हटलं, "थांब. ठेव ती पटाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर जाऊन कुरुंदवाडची गाडी पकडली. कंडक्टर एक मुलगी होती, तुमच्यासारखीच तिकिटाचा पंच वाजवत… नाही, आता मशीन असतं म्हणा. तिला सांगितलं, "कुरुंदवाड द्या. पर मला हातकणंगल्याच्या पुढं झोपू देऊ नका."

"आणि उतरणार कुठं?"

"उतरायचं न्हाय. बघायचं हाय."

खिडकीला नाक लावून बसले. हातकणंगले गेलं. डोळा लागेल म्हणून भीती होती, पण कसला लागतोय! आणि मग पाटी आली. तमदलगे. त्यानंतर निमशिरगाव.

तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. हे वाक्य जिवंतपणी तुम्हाला कधी ऐकवलं नाही, आता कागदावर घ्या. आणि हो, मी झोपत होते. दर वेळी. घोरतही असेन.

खरं तर जयसिंगपूरला उतरून परत फिरता आलं असतं. पण बसून राहिले. शिरोळ गेलं, नरसोबाच्या वाडीजवळचा पूल आला, कुरुंदवाड आलं. सगळे उतरले. मी बसूनच. कुणी ओरडलं नाही. आणि तिथं, रिकाम्या गाडीत, मला तुमचा इतका राग आला म्हणून सांगू! अहो, तुम्ही गाडीत होतात म्हणून मला झोप लागत होती. दुसऱ्या कुठल्याही गाडीत मी कधी डोळा मिटला नाही. हे मला आत्ता कळावं? तुम्ही होतात तेव्हा कळायला काय झालं होतं मला?

काल बाळूला बोलावलं. आधी तमदलगे, मग निमशिरगाव. हातोडीची एकेक टप बसली आणि कुसं आत गेली. पुढच्या पट्ट्या तर आपसूक बसल्या. बाळू म्हणाला, "काका कामात लई बारीक हुते." संदीपनं कपाटावरून हात फिरवला आणि दुधाचं पातेलं आणून आत ठेवलं. चपलांचं नाव काढलं नाही.

नावं आता खाचांच्या आत गेलीत, कुणाला दिसणार नाहीत. काचपेपर तिथं मी लावू दिला नाही. शब्द देते, या कपाटावर पुन्हा रंगाचा ब्रश फिरणार नाही. संदीपच्या पोरीला थांबे पाठ करायला लावलेत, म्हणजे पुढं कधी खोललं तर अडायला नको. आणि यापुढं माहेरी जाताना शेवटपर्यंत जागी राहीन. उठवायला तुम्ही नाही, तर जागं राहायलाच हवं.

तुमची,
पावणं

ता. क. लाडू त्याच जागी ठेवलेत. वरून दुसरा कप्पा, उजवीकडं, डब्यामागं. तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना?